डेस्कटॉपवरचे नाना

शटर वर गेलं, झाडू फिरला, उदबत्ती लागली, की हर्षाली आपल्या खुर्चीत बसायची, मान खाली घालायची आणि मग कॉम्प्युटरचं बटण दाबायची. मान खाली घालायची ही सवय तिला अलीकडेच लागली होती. आळेफाट्याजवळच्या त्या पतसंस्थेत ती गेली सात वर्षं याच खुर्चीवर बसत होती आणि इतकी वर्षं बटण दाबताना कुठं बघायचं, असा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

मान खाली असली तरी कान उघडेच असायचे. आधी कॉम्प्युटरमधून हलगी कडाडायची, मग आवाज यायचा, "संपतनानांचा विजय असो!" हा आवाज मोहितचा. संस्थेचे चेअरमन संपतनाना, त्यांचा हा सख्खा पुतण्या. फाट्यावर त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. आवाज थांबला की हर्षाली मान वर करायची, कारण काम तर करायलाच हवं, आणि समोर पूर्ण स्क्रीनभर नाना हसत असायचे.

हे महिन्यापूर्वी नानांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला झालं. चौकात फ्लेक्स लागले, शाळेत वह्या वाटल्या, बैलगाडा शर्यतीच्या घाटात नानांच्या नावाचा पुकारा झाला. मोहितला मात्र काही वेगळं करायचं होतं. पुण्याला राहून तो ग्राफिक्सचा कोर्स करून आला होता आणि ती विद्या अजून काकांच्या कामी आली नव्हती. तो नानांना म्हणाला, "काका, फ्लेक्स काय, कोणबी लावतंय. चार दिवसांत वाऱ्यानं फाटतंय, न्हाईतर ग्रामपंचायत उतरवती. मी असा फ्लेक्स लावतो, जो कोणी उतरवायचा नाय."

मग तो संस्थेत आला, हर्षालीला खुर्चीवरून उठवलं आणि तोंडातला मावा गालात सारून कामाला लागला. ती मागं उभी राहून बघत होती. तिच्या स्क्रीनवर तोवर नुसता गडद हिरवा रंग असायचा, नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखा. डावीकडं ठेवींची फोल्डरं, उजवीकडं कर्जाची, मधे मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेचं तिला कोण सुख होतं. दुपारी डोळे शिणले की ती तिथंच नजर टेकवायची. मोहितनं पहिल्यांदा ती जागा भरली.

फोटो त्यानंच काढलेला होता आणि त्यावर त्याचा हातही फिरला होता. गाल तमाशातल्या नाच्यासारखे गुलाबी केले होते. ओठांना लाली आली होती. समोरचे दात पांढरेशुभ्र केले होते, पण कोपऱ्यातले करायचे राहिले होते. तिथं तंबाखूचा तपकिरी रंग तसाच होता, आणि पांढरं जिथं संपत होतं, तपकिरी जिथं सुरू होत होतं, ती रेघ स्क्रीनवर बोटभर उंच दिसत होती. काळे कुळकुळीत केस कपाळावर सांडले होते आणि कपाळ तेल चोपडल्यासारखं चमकत होतं.

"कसं वाटतंय, ताई?" मोहितनं विचारलं.

"डोळ्यावर येतंय जरा."

"यायलाच पायजे," तो खूश होऊन म्हणाला. तिनं कौतुक केलं असंच त्याला वाटलं.

तो तिथंच थांबला असता तरी चाललं असतं. पण हात शिवशिवत होते. त्यानं फोल्डरची पिवळी चित्रं काढली आणि प्रत्येक फोल्डरला नानांचा छोटा चेहरा लावला. बाणाच्या जागी जोडलेले दोन हात आणले. आता ठेवींचं फोल्डर उघडायचं, तर ते जोडलेले हात सरपटत नानांच्या एका छोट्या चेहऱ्यापाशी न्यायचे आणि त्याच्या गालावर टिचकी मारायची. टिचकी मारली की गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. खाली तारखेशेजारी एक पट्टी धावत होती, तिच्यात संचालक मंडळाच्या शुभेच्छा. सगळ्यात शेवटी मोहितनं मशीन झोपायची सोय बंद केली.

"म्हंजी?" हर्षालीनं विचारलं.

"म्हंजी आधी कसं, जरा वेळ हात लावला नाय की स्क्रीन काळी व्हायची. आता व्हणार नाय. काकांचा चेहरा काळा पडलेला बरा दिसतो व्हय?" आणि मग त्यानं सगळ्याला आपला पासवर्ड टाकला, म्हणजे कोणी हात लावायला नको. असंच त्यानं पाची टेबलांवर केलं आणि नंतर सगळ्या शाखांतून फिरला.

पहिल्या दिवशी सगळे हसले. दुसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. आठवडाभरात प्रत्येकानं आपापली युक्ती शोधली. शेजारच्या टेबलावरची अक्षदा सॉफ्टवेअर पूर्ण स्क्रीन करून ठेवायची. मॅनेजर बाळासाहेब स्क्रीनकडं बघून रोज सकाळी खरोखरचा नमस्कार करायचे आणि मग दिवसभर मोबाइलवरच काम करायचे. हर्षालीला कुठलीच युक्ती पचली नाही. तिला दिवसातून पन्नासदा खिडक्या उघडाव्या लागत, मिटाव्या लागत, आणि मिटली खिडकी की मागं ते तोंड. डबा खायची जागा तीच. भाकरीचा तुकडा तोंडात घालताना समोर ती पांढऱ्या-तपकिरी दातांची रेघ. एकदा तिनं वांग्याच्या भाजीचा घास घेतला, वर बघितलं आणि घास गिळवेना, टाकवेना. तेव्हापासून ती डबा घेऊन मागच्या मोरीपाशी उभी राहून खायची.

घरी तिनं नवऱ्याला सांगून बघितलं. आदेश टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजाराला पिकअप चालवायचा.

"तुला त्या फोटूचं एवढं काय?" तो म्हणाला. "माझ्या गाडीच्या मागं बघ, नानाचा स्टिकर हाय. मी काय वळून वळून बघतो का?"

"तुझ्या मागं हाय. माझ्या तोंडासमोर हाय."

"मग दिवाळीपर्यंत डोळे मीट. तेवढी ऑर्डर हातात पडू दे, मग बघू."

ऑर्डर म्हणजे कायम झाल्याची ऑर्डर. हर्षालीच्या नोकरीला सात वर्षं झाली होती, पण ती सगळी तुकड्यातुकड्यांची. मुदत संपत आली की पोटात गोळा यायचा आणि मुदतवाढीचा कागद हातात पडला की तो विरायचा. तिच्यामागून आलेले दोघं जण कायम झाले; एक संचालकाचा भाचा, एक संचालकाच्या बायकोचा भाऊ. या वेळी मात्र बाळासाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "मॅडम, दिवाळीच्या मीटिंगला तुमचं नाव ठेवतोय. नानांच्या मनात आहे. फक्त तोवर वाकडं काही घडू देऊ नका." म्हणून ती मान खाली घालून बटण दाबायची. किळस आली की आवंढ्याबरोबर गिळून टाकायची.

अशात खंडेनवमी आली.

दसऱ्याला संस्थेला सुट्टी, म्हणून यंत्रांची पूजा आदल्या दिवशी दुपारी. हे काम भिकाभाऊचं. भिकाभाऊ संस्थेचा शिपाई. संस्था एका खोलीत होती तेव्हापासूनचा. त्याच्या वावरात झेंडू होता आणि पूजेची फुलं त्याच्याच घरची यायची. तिजोरी, प्रिंटर, दारातली मोटारसायकल, जिन्याखालचं इन्व्हर्टर, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना हार. कॉम्प्युटरला तर हार हवाच. मॉनिटरच्या दोन्ही कोपऱ्यांवरून खाली सोडलेला, मधे गोंड्यासारखं एक मोठं फूल. दरवर्षी असंच. दरवर्षी त्या वेळेला स्क्रीन काळ्या पडलेल्या असत आणि काळ्यावर केशरी हार काय शोभायचा.

या वर्षी स्क्रीन काळी पडणार नव्हती. मशीनं बंद करावीत, तर दिवसाचं काम मिटवून सगळ्या शाखांचं एकत्र करायचं चालू होतं. भिकाभाऊनं पाची मॉनिटरांना हार घातले. कुंकू लावायला गेला, तर नव्या मॉनिटरांची कड बोटालाही पुरेना, म्हणून त्यानं काचेवरच वरच्या बाजूला, बरोब्बर मधोमध बोट टेकवलं. पाचही ठिकाणी ते नानांच्या कपाळावर लागलं. पुढं नारळ ठेवला, उदबत्ती खोचली. भिकाभाऊनं मशीन बघितलं, चेहरा बघितला नाही. महिनाभरात सगळेच तो चेहरा न बघायला शिकले होते.

हर्षाली मोरीपाशी आरतीचं ताट लावत होती. ताट घेऊन ती आली, आपल्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिची नजर वर गेली.

झेंडूच्या हारात नाना होते. कपाळावर कुंकू, खालून उदबत्तीचा धूर, पुढं निरांजनाचा उजेड. फाट्यापासून आणेघाटापर्यंत कुठल्याही घरातल्या भिंतीवर असतो तसा फोटो. खाली फक्त तारखा लिहायच्या राहिल्या होत्या.

तिच्या लक्षात सगळं आलं. ओरडून सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं. आणि मग तिला जाणवलं की आपल्याला किळस येत नाहीये. महिन्याभरात पहिल्यांदा ती त्या चेहऱ्याकडं सरळ बघत होती. ते दात, ते गुलाबी गाल, ते तेलकट कपाळ, हारामागं सगळं निरुपद्रवी झालं होतं. गेलेल्या माणसाच्या दातांना कोण नावं ठेवतं? तिनं उघडलेलं तोंड मिटलं आणि ताट ओवाळलं.

तेवढ्यात बाळासाहेब केबिनमधून आले. पूजेचा फोटो संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा हा त्यांचा दरवर्षीचा नेम. घाई होती, घरी पाहुणे जेवायला होते. त्यांनी मोबाइल वर धरला, हर्षालीच्या टेबलाचा जवळून एक फोटो काढला, हात जोडल्याची चिन्हं टाकली, लिहायला वेळ नव्हता म्हणून शब्द काही टाकला नाही, आणि पाठवून दिला. मग प्रसादाचा पेढा तोंडात टाकत बाहेर पडले.

पेढा विरघळला नसेल, तोवर आणे शाखेतून पहिलं उत्तर आलं : "भावपूर्ण श्रद्धांजली."

आमच्याकडं हे दोन शब्द लोकांच्या बोटांवर असतात. हार दिसला की बोटं चालतात, कोण गेलं ते नंतर विचारलं जातं. त्याखाली दुसरं आलं, तिसरं आलं. "विश्वास बसत नाही." "परवाच बोलणं झालं होतं." "दिलदार नेतृत्व हरपलं." एकानं विचारलं, "दशक्रिया कधी?" कारण दशक्रियेला पुढाऱ्यांची भाषणं असतात आणि भाषण ज्याला करायचं, त्याला दिवस आधी कळलेला बरा.

बाळासाहेब मोटारसायकल अर्ध्या रस्त्यात वळवून परत आले. फोटो त्यांनी काढून टाकला, पण तोवर तो सोसायटीच्या ग्रुपवर, दूधवाल्यांच्या ग्रुपवर, बैलगाडा ग्रुपवर गेला होता. नानांना फोन लावावा, तर नाना त्या दिवशी आंबेगावच्या डोंगरात, डिंभे धरणाच्या पार पलीकडं, कुणा ओळखीच्या घरी देवीच्या जेवणाला गेलेले. तिथं रेंजचं नाव नव्हतं. फोन लागत नाही म्हटल्यावर तर लोकांची खात्रीच पटली.

मोहित धावत आला. डोळे रडून लाल. टेबलांवरचे पाच हारातले काका त्यानं बघितले आणि भिंतीला टेकला. बाळासाहेबांनी खरं काय ते सांगितल्यावर तो म्हणाला, "मग आता त्या फ्लेक्सचं काय करायचं?"

"कसले फ्लेक्स?"

"श्रद्धांजलीचे. ऑर्डरी आल्या राव. एक तर चढवून झाला चौकात."

"अरे, सख्ख्या काकाचा फ्लेक्स तू छापलास?" भिकाभाऊनं विचारलं.

"मग दुसऱ्यानं छापला असता तर बरं व्हतं का? माझ्याकडं चांगला फोटू हाय." असं म्हणून त्यानं डोळे पुसले. रडणं खरं होतं आणि छपाईही खरी होती. हर्षालीनं मान पुन्हा खाली घातली. हारांनी दिलेलं ते घटकाभराचं सुख संपलं होतं.

बाळासाहेब तिच्या कानापाशी आले. तोंडाला अजून पेढ्याचा वास. हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, नाना आले की विचारणार. तुम्ही एवढंच म्हणायचं, मी आत होते, हार भिकानं घातला. खोटं काहीच नाही त्यात. भिका काय, म्हातारा माणूस, दोन शिव्या खाईल. तुमचं नाव मीटिंगला आहे, लक्षात ठेवा."

"अन् फोटो ग्रुपवर कोणी टाकला म्हणू?" तिनं विचारलं.

"ते कोणी विचारणार नाही," बाळासाहेब म्हणाले.

नानांच्या आधी नानांची बहीण आली. चिमाबाई, आण्याला दिलेली. जीप दारात थांबली आणि पायरीपासूनच टाहो आत आला. "माझ्या भावा रं, मला न सांगता कुठं गेलास रं..." बायकांनी तिला धरलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, नाना जिवंत आहेत म्हणून शपथा घातल्या. तिला काही पटेना. तिच्यासमोर पाच नाना हारात होते. कोणाच्या शपथेवर विश्वास ठेवायचा?

आणि मग गाडी आली आणि नाना आले.

हर्षालीनं त्यांना महिन्याभरात प्रत्यक्ष असं जवळून बघितलंच नव्हतं. स्क्रीनवरच्या मानानं माणूस लहानखुरा होता, सावळा, गालांवर वाढलेली पांढरी खुटं. चेहऱ्याचा रंग उडाला होता. येताना चौकातला फ्लेक्स त्यांनी बघितला होता.

"त्या भडव्यानं शोकाकुल म्हणून स्वतःचा फोटू टाकलाय," ते आत येता येता म्हणाले, "माझ्याहून मोठा." हा भडवा म्हणजे मागच्या निवडणुकीत पडलेला विरोधी पॅनेलवाला. पण त्या रागात दम नव्हता. त्यांची नजर टेबलांवरून फिरत होती. एक, दुसरा, तिसरा. कपाळावरचं कुंकू, हार, विझत आलेली उदबत्ती. ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"कोणी घातले?"

"भिकानं, नाना," बाळासाहेब लगेच म्हणाले.

भिकाभाऊ पुढं आला. "मी घातले, नाना. मशिनला घातले. दरसाल घालतो तसे. तुमच्याकडं माझं ध्यान नव्हतं."

"ध्यान नव्हतं? एवढं माझं तोंड समोर, अन् ध्यान नव्हतं?" नाना हर्षालीकडं वळले. "अन् तू गं? हे तुझं टेबल ना? तुला दिसलं नाय?"

मी आत होते. तीनच शब्द बोलायचे होते. बाळासाहेब तिच्याकडं टक लावून बघत होते आणि त्यांची मान आपोआप हलत होती, बोल, तेवढंच बोल. त्या हलत्या मानेकडं बघून तिला अशी शिसारी आली, की दिवाळी, मीटिंग, ऑर्डर, काही आठवलं नाही.

"दिसलं, नाना," ती म्हणाली. "मी ओवाळलं तवाच दिसलं."

नानांनी खुर्चीचा हात सोडला.

"मग काढला का नाय?"

याचं उत्तर तिच्याजवळ होतं आणि ते देता येण्यासारखं नव्हतं.  आता संपलं, असं तिच्या मनात आलं, आणि ते आल्यावर तिला हलकं वाटलं, हे ती नंतर कधी कोणाला सांगणार नव्हती.

पण नानांनी तोंड उघडायच्या आत चिमाबाई खुर्चीवरून उठली होती. ती येऊन भावासमोर उभी राहिली, त्याचे दंड चाचपले, गाल चाचपले आणि मग दोन्ही हातांनी त्याला बदडायला लागली. बदडता बदडता रडत होती, रडता रडता हसत होती.

"आक्का, अगं, लागतंय," नाना म्हणाले.

"लागू दे. जित्ता हायेस म्हणून लागतंय." ती दमून थांबली, पदरानं नाक पुसलं आणि सगळ्यांकडं वळून म्हणाली, "कोण कोणाला बोलू नका रं. झालं ते भल्याचं झालं. डोक्याला कावळा शिवला तर आपण पावण्यांना मेल्याचा खोटा सांगावा धाडतो का नाय? का धाडतो? लोकं रडली की गंडांतर जातं. मी आण्यापासून इथवर रडत आले. सगळा तालुका रडला. याचं कायतरी येणार व्हतं, ते गेलं. आता तुला ऐंशी वर्सं मरण नाय."

नानांचा चेहरा हर्षाली बघत होती. त्यावर आधी शंका आली, मग हिशेब आला, मग रक्त परत आलं. इतक्या उघडपणे भीती जाताना तिनं कोणाच्या तोंडावर बघितली नव्हती.

"हे खरंय," बाळासाहेब म्हणाले. "शास्त्रच आहे ते. मी तर म्हणतो, फोटो ग्रुपवर गेला हेच बरं झालं."

"कोणी टाकला व्हता?" नानांनी विचारलं.

"मीच, नाना," बाळासाहेब खाली बघून, लाजत म्हणाले.

अक्षदा खोकल्याचं निमित्त करून मोरीकडं पळाली. हर्षालीला हसू आलं नाही. तिला वाटलं, एखाद्या ओल्या, बुळबुळीत वस्तूवर चुकून हात पडावा, तसं काहीतरी झालं आहे आणि हात मागं घ्यायला जागा नाही.

नाना आता खुर्चीत पसरून बसले होते. भिकाभाऊच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. मग हर्षालीला जवळ बोलावलं. "पोरी, तुला दिसलं अन् तू काढला नाय. तुझ्या डोळ्यावर देवीनंच झापड टाकली, त्याबिगर असं व्हायचं नाय. तुझ्या हातनं माझं आयुष्य वाढलं. माग, काय पायजे ते माग. आज खंडेनवमी हाय. नाय म्हणणार नाय मी."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. सगळ्यांना माहीत होतं ती काय मागणार.

तिच्या तोंडाशी मात्र दोन वाक्यं आली होती. पहिलं वाक्य असं : नाना, माझ्या मशिनवरचा तुमचा फोटो तेवढा काढायला सांगा, मला तो हिरवा रंगच बरा. नाना आज खरंच नाही म्हणाले नसते. चौकातल्या फ्लेक्सवर मेलेला माणूस परत आला होता, त्याच्याकडं या घटकेला काहीही मागता आलं असतं, आणि ही घटका पुन्हा येणार नव्हती. ते वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. गार, स्वच्छ. मघाशी 'दिसलं' म्हणताना जिथून आवाज आला होता, तिथंच तेही होतं.

पण मघाशी हातातून सगळं गेलं होतं म्हणून बोलता आलं होतं. आता ते सगळं समोर ताटात वाढून ठेवलं होतं. दिवाळी, मीटिंग, ऑर्डर, घरी वाट बघणारा आदेश, मुदत संपत आली की पोटात येणारा तो गोळा.

"नाना," ती म्हणाली, "तुमच्या आशीर्वादानं कायम झाले, तर लई उपकार व्हतील."

ते ऐकताना तिला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. शब्दांना गुळाचा पाक लावलेला, शेवटी जरा खाली गेलेला. असा आवाज तिनं रोज ऐकला होता, केबिनच्या काचेपलीकडून.

"झालीस," नाना म्हणाले. "बाळासाहेब, मीटिंगबिटिंग राहू द्या. दसऱ्याची तारीख टाका. सह्या मी घेतो."

टाळ्या झाल्या. चिमाबाईनं हर्षालीच्या तोंडात पेढा कोंबला. मोहितचे डोळे एव्हाना कोरडे झाले होते आणि त्यांत चमक आली होती. तो हातानं हवेत चौकट आखून दाखवत होता. "काका, हे सोडायचं नाय. नवीन वॉलपेपर. मधे तुमी, खुर्चीत. एका बाजूला भिकाभाऊ, एका बाजूला ताई. हार घालताना. खाली लिहायचं, दीर्घायुषी नेतृत्व. दसरा झाला की लगेच सगळ्या शाखांत टाकतो. अन् या बारीला टिचकी मारली की हार पडायचा."

"पडायचा?" चिमाबाई दचकली.

"म्हंजी वरनं खाली यायचा. गळ्यात."

मॉनिटरवरचे दोन हार काढले गेले. नाना ताठ बसले, केसांवरून हात फिरवला. आधी भिकाभाऊनं हार घातला. त्याच्या मनात काही नव्हतं. मग मोहितनं हर्षालीला खांद्याला धरून उजव्या बाजूला उभं केलं. "ताई, वाका जरा. अजून. काकांच्या तोंडाजवळ तोंड आलं पायजे, न्हाईतर फ्रेममधनं जाताय."

ती वाकली. इतक्या जवळून तो चेहरा स्क्रीनवरच्यापेक्षाही मोठा होता. कानामागं केसांच्या रंगाचा काळा डाग होता, तिथून मानेवर घामाची रेघ उतरली होती. तोंडाला मटणाचा आणि तंबाखूचा वास येत होता. कोपऱ्यातले दात तेच होते. पोटातला पेढा वर आला, तो तिनं परत खाली ढकलला आणि हार नानांच्या गळ्यात घातला.

"हसा, ताई," मोहित म्हणाला. "कायम झालात राव, हसा की."

ती हसली. मोहितनं मोबाइल वर धरला, डावीकडं सरकला, उजवीकडं सरकला. हार एका बाजूला कलला होता. मधलं मोठं फूल नानांच्या खांद्यावर गेलं होतं. ते कोणाच्या लक्षात आलं नाही, मोहितच्याही नाही. हर्षालीच्या आलं. तिनं हात पुढं केला, फूल अलगद बोटांत धरून नानांच्या छातीच्या बरोबर मधे आणलं, दोन्ही बाजू सारख्या केल्या, शर्टाच्या कॉलरखाली अडकलेली एक पाकळी काढली आणि पुन्हा आपल्या जागी वाकून उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"हां," मोहित म्हणाला, "आता लई भारी."